टिळकवाडीतला मोमेंट डिस्ट्रिब्युशनचा क्लास : २४ दिवस, ३५०० रुपये आणि दोन बटरफ्लाय नट

आधीच सांगून टाकतो, मी बेळगावच्या टिळकवाडीतला हा क्लास लावला तो बॅकलॉग काढायला. मोमेंट डिस्ट्रिब्युशन म्हणजे बिल्डिंगच्या खांब-तुळयांत वाकवणारा जोर (मोमेंट) कसा वाटला जातो ते हातानं काढायची पद्धत. शिकायबिकायची हौस नव्हती. खानापूरकडचा माणूस, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा, मग लॅटरल एंट्रीनं बीई सिव्हिल, आणि पाचव्या सेमला स्ट्रक्चरच्या पेपरात दांडी उडाली. गंमत म्हणजे व्हीटीयूचं, म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीचं, हेडऑफिस आमच्या गावाच्या बसच्या रस्त्यावर, मच्छेजवळ, रोज येताजाता खिडकीतून दिसतं, आणि दिसलं की पोटात कळ येते.

याआधी एक मोठा क्लास करून झालाय. नाव घेत नाही. एसी हॉल, प्रोजेक्टर, कॉलर माइक, सगळं झ्याक. तिथं पहिल्याच दिवशी स्क्रीनवर टेबल आलं, जॉइंट, मेंबर, डीएफ (डिस्ट्रिब्युशन फॅक्टर), एफईएम (फिक्स्ड एंड मोमेंट), बॅलन्स, कॅरी ओव्हर (मेंबरच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा अर्धा), आणि सांगितलं की ही कॉलमं अशी भरत जायची, खाली बेरीज मारायची, झालं. मी भरली की! दोन महिने भरली. कंटिन्युअस बीम (एका रेषेतली, बऱ्याच आधारांवरची तुळई) असेल तर उत्तर यायचं, पण फ्रेम (खांब-तुळयांचा सांगाडा) आली की एका जॉइंटला तीन मेंबर, कुठला अर्धा कुठं न्यायचा ते कळायचं नाही, आणि विचारलं तर "रूल आहे, पाठ कर". पाठ केलं. परीक्षेत फ्रेमला एक पाय छोटा दिला होता, स्वे निघाला, म्हणजे फ्रेम बाजूला कलणारी, मी तिथंच बसलो.

मग निपाणीच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, "अरे टिळकवाडीत एक सर आहेत, रिटायर्ड, माडीवर घेतात, जा की तिकडं, तुला मराठीत सांगतील." म्हटलं बघू. गेलो. बोर्ड नाही, पाटी नाही, खाली भाडेकरूंच्या स्कूटरा, बाजूनं लोखंडी जिना. जिन्याची चौथी पायरी हलते. पहिल्याच दिवशी सरांना बोललो, सर ती पायरी हलते, तर म्हणाले "नॉन-स्वे समजून चढ रे बाबा". तेव्हा जोक कळला नव्हता, पंधरा दिवसांनी बसमध्ये एकटाच हसलो.

वेळ सकाळी साडेसहा ते आठ. खानापूरहून येणाऱ्याला ही वेळ म्हणजे शिक्षा आहे, पाचला उठा, अंधारात स्टँड गाठा, आणि जुलैत आमच्याकडं पाऊस कसा पडतो ते तुम्हाला माहितीये. पण सर म्हणतात डोकं सकाळीच चालतं, त्यानंतर कॉलेजं असतात, मग कोण येणार. बरोबरच आहे म्हणा.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं टाइप करत बसलोय. पहिल्या दिवशी सरांनी खडू हातात घेतलाच नाही. भिंतीला एक प्लायवूडची फळी लावलीये, त्यावर पोर्टल फ्रेम, म्हणजे दोन खांब आणि वर एक तुळई, पण लवचिक स्टीलच्या पातळ पट्ट्यांची, उद्यमबागेतल्या (बेळगावचा कारखान्यांचा भाग) कुठल्यातरी वर्कशॉपमधनं करून घेतलेली. खाली दोन्ही पाय क्लॅम्पमध्ये घट्ट. वरचे दोन कोपरे म्हणजे लाकडाचे छोटे ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात मधोमध एक बोल्ट आणि बोल्टाला बटरफ्लाय नट. नट आवळला की ठोकळा फिरत नाही. सैल केला की फिरतो. एवढंच यंत्र.

सरांनी दोन्ही नट आवळले आणि तुळईच्या मधे किराणा दुकानातलं अर्धा किलोचं वजन अडकवलं. तुळई मधे खाली बसली, टोकांना मात्र सरळ. खांब? खांबांना पत्ताच नाही, दोन्ही ताठ उभे. "बघा, खांबाला काय झालंय?" कायच नाही सर. "हौदु, कायच नाही. कारण कोपरा मी धरून ठेवलोय. हे तुमचं फिक्स्ड एंड मोमेंट. जगात असा कोपरा नसतोय, मी जबरदस्ती केलोय." आणि मग डावा नट सोडला. टक् करून ठोकळा फिरला, खांबाला पोट आलं, आणि सर म्हणाले खालच्या क्लॅम्पला हात लाव. लावला. क्लॅम्प बोटाला ढकलत होता! वर सोडलं आणि खाली जोर आला. "अर्धा होगतद," सर म्हणाले, कन्नडवाल्या पोरांकडं बघत, आणि आमच्याकडं वळून, "अर्धा जातोय खाली. का अर्धा ते परवा सांगतो. आज फक्त जातोय ते बघा."

मग डावा नट परत आवळला, उजवा सोडला. तो फिरला. त्यानं डावीकडं अर्धा ढकलला असणारच, म्हणून डावा परत सोडला, परत थोडा फिरला, पण आता कमी. परत आवळ, परत उजवा. चौथ्या वेळेला ठोकळा हललेला डोळ्याला दिसलाच नाही. सर म्हणाले, "झालं तुमचं टेबल भरून." आणि खरंच, मी दोन महिने जी कॉलमं भरत होतो ती म्हणजे हेच, कुलूप लाव, उघड, शेजाऱ्याकडं अर्धं पाठव, परत लाव. मला त्या दिवशी जरा रागच आला, आधीच्या क्लासचा, स्वतःचा पण.

दुसऱ्या दिवशी त्याच फ्रेमचे आकडे. मुद्दाम लिहितो, कारण हा प्रॉब्लेम मी आता झोपेत पण सोडवेन. खांब ४ मीटर, तुळई ६ मीटर, खांबाचा आय (छेदाचा आकार वाकण्याला किती अडवतो तो आकडा) एकपट, तुळईचा दुप्पट, तुळईवर मीटरला २० किलोन्यूटन, पाय खाली फिक्स. नट आवळलेले असताना तुळईच्या टोकाचं मोमेंट डब्ल्यू एल स्क्वेअर बाय १२ म्हणजे ६०. खांबाचा स्टिफनेस (ताठपणा) आय बाय एल १/४, तुळईचा २/६ म्हणजे १/३, दोन्ही मिळून ७/१२, म्हणून कोपऱ्यावर जे येईल त्यातले सातातले तीन वाटे खांबाला आणि चार वाटे तुळईला. सर याला "वाटणी" म्हणतात, डिस्ट्रिब्युशन फॅक्टर वगैरे नंतर. भावाभावात शेत वाटतात तसं नाही म्हणे, इथं जो जास्त ताठ त्याला जास्त, सगळ्यांना सारखं नाही. पहिल्या फेरीत खांबाला २५.७१, मग पलीकडनं अर्धा आला की परत ७.३५, मग २.१०, मग ०.६०, असं करत करत गाडी ३६ ला जाऊन थांबते. खाली पायाला त्याचा अर्धा, १८. तुळईच्या मधे डब्ल्यू एल स्क्वेअर बाय ८ चे ९०, वजा ३६, म्हणजे ५४.

आणि इथं सरांनी जे विचारलं ते मला आवडलं. "हे ३६ कुठल्या बाजूला ताणतंय?" वरच्या बाजूला, सर. "मग सळी कुठं?" माझा मामा सेंटरिंगची कामं घेतो, मी लहानपणापासून बघतोय की खांबाजवळ तुळईच्या वर एक्स्ट्रा सळी टाकतात, मला कायम वाटायचं की मजबुतीला म्हणून टाकत असतील, वरनं खाली सगळीकडं. सरांनी फळीवर बोट ठेवलं, तुळई मधे खाली ताणते आणि कोपऱ्यापाशी वर ताणते, त्यामुळं मधे सळी खाली, टोकाला वर. मी सांगितलं की साइटवर काँक्रीट ओतताना पोरं त्याच वरच्या सळीवर पाय देऊन चालतात आणि ती खाली बसते. सर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "तुझ्या मामाला सांग, ते ३६ कागदावर राहतंय मग." संध्याकाळी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "तुझे सर येऊन उभे राहतात काय स्लॅबवर?" असो.

भाषेबद्दल थोडं. बॅचमध्ये बावीसजण, अर्धे आमच्यासारखे मराठीवाले, बाकी बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडचे कन्नडवाले, एकदोघं हुबळीचे. सर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषा एकाच वाक्यात चालवतात आणि शेवटी सगळ्यांना एकच शब्द, "तिळीत?", म्हणजे कळलं का? कुणाला तिळीत नाही झालं तर परत. पुस्तकं सगळी इंग्रजीत, पेपर इंग्रजीत, त्यामुळं सर शब्द मात्र इंग्रजीच वापरायला लावतात, स्टिफनेसला कडकपणा म्हटलं तर ओरडतात. हे मला पटलं. समजायला आपली भाषा, लिहायला परीक्षेची.

एक दिवस पावसानं अर्धी बॅच आली नाही, पत्र्यावर एवढा आवाज की सरांचं कायच ऐकू येईना, तेव्हा चहा मागवला आणि गोष्ट सांगितली. हार्डी क्रॉस म्हणून इलिनॉय युनिव्हर्सिटीत प्रोफेसर होता, १९३० साली त्यानं ही पद्धत छापली, पेपर फक्त दहा पानांचा. त्याआधी लोक स्लोप डिफ्लेक्शननं करायचे, १९१५ ची पद्धत, त्यात जेवढे कोपरे तेवढी अननोन, वर स्वेची वेगळी, दोन-तीन मजली बिल्डिंग आली की दहाबारा समीकरणं एकदम सोडवायची, ती पण कागदावर, हातानं. क्रॉसनं समीकरणंच काढून टाकली, बेरीज-वजाबाकी-गुणाकार येणाऱ्या ड्राफ्ट्समनला फ्रेम सोडवता यायला लागली. पुढं कॉम्प्युटर येईपर्यंत बिल्डिंगा अशाच डिझाइन होत होत्या. सर म्हणाले, "दहा पानं रे! तुमचा सेमिनार रिपोर्ट चाळीस पानांचा असतोय."

सॉफ्टवेअर असताना हे कशाला, असं बॅचमधल्या एकानं विचारलंच. हुशार पोरगा, लॅपटॉप घेऊन आला, वरचीच फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये टाकून प्रिंट काढून आणली, म्हणाला सर तुमचं ३६ चुकलंय, इथं ३१.८ येतंय. सरांनी चष्मा वर केला, कागद बघितला, पाचसात सेकंद, जास्त नाही. "खाली बिजागरी लावलास काय रे?" पोरानं लॅपटॉप उघडला. खरंच, सपोर्ट हिंज्ड टाकला होता, फिक्स्डच्या जागी. सरांनी मग खडूनं तीन ओळीत दाखवलं, पाय हिंज असेल तर खांबाचा स्टिफनेस पाऊणच राहतो, मग वाटणी बदलते, ३६ चे ३१.७६ होतात. पोरगं गप्प. मला हा प्रसंग एवढा आवडला की बसमध्ये तोच आकडा परत काढून बघितला, आला की!

आता तक्रारी, कारण हा रिव्ह्यू आहे, आरती नव्हे.

एक तर जागा. पंधराजणांची खोली, बावीस पोरं, बाकाला बाक, डावखुरा असाल तर शेजाऱ्याशी भांडण ठरलेलं. मोबाइल आत चालत नाही, दारात वेताची टोपली, त्यात टाका, आणि कॅल्क्युलेटर विसरलात तर कुणी देत नाही. फी कॅश. पावती मागितली तर सर वहीच्या मागच्या पानावर सही करून देतात. नोट्स नाहीत, जे बोर्डवर ते तुमचं, आणि सर लिहितात एका हातानं आणि पुसतात दुसऱ्या हातानं, खरंच, अतिशयोक्ती नाही. रागीट पण आहेत. चिन्ह चुकलं तर, घड्याळाच्या दिशेला प्लस ठरवून मधेच कुणी उलटं केलं तर, वही बंद करायला लावतात आणि त्या दिवशी फक्त ऐकायचं. निपाणीवाली एकदा रडली होती.

पण माझी खरी तक्रार स्वेबद्दल आहे. २४ दिवसांतले अकरा दिवस नॉन-स्वेला, चार-पाच दिवस कानी मेथडला (अशीच फेऱ्याफेऱ्यांनी सोडवायची दुसरी पद्धत, ती तशी ठीक, मधे आकडा चुकला तरी पुढच्या फेऱ्यांत आपोआप सुधारतो, एवढं लक्षात राहिलं), आणि ज्या भागात सगळे आपटतात त्या स्वेला फक्त तीन दिवस? सरांचं म्हणणं, पाया पक्का असेल तर स्वे म्हणजे तेच दोनदा करणं. हो, पण दोनदा करताना पोरांची फेफे उडते त्याचं काय.

ते तीन दिवस मात्र भारी होते, हे पण लिहायला पाहिजे. दुसरी फळी काढली. त्यात कोपऱ्याच्या बोल्टांना भोकाऐवजी आडवी खाच, म्हणजे कोपरा फिरतो पण आणि सरकतो पण. सरकू नये म्हणून एक खिळा आडवा ठोकलेला. खिळा असेपर्यंत जे केलं ते नॉन-स्वे. मग खिळा उपटला, फ्रेम बाजूला कलली. "आता किती कललं ते आपल्याला माहीत नाही. मग काय करायचं? थापा मारायच्या." म्हणजे असं, त्याच फ्रेमला कोपऱ्यावर आडवं ४५ किलोन्यूटन. खांबांच्या टोकांना मनानं मोमेंट धरायचं, धरा ३०. नट सोडत-आवळत बॅलन्स करायचं, वर २० राहतात, खाली २५. दोन्हींची बेरीज भागिले ४ मीटर, एका खांबाचं ११.२५, दोन खांबांचं २२.५. म्हणजे आपली थाप २२.५ ची निघाली, पाहिजे होते ४५, तर सगळ्याला दोननं गुणा. वर ४०, खाली ५०. हे मला आधीच्या क्लासमध्ये "करेक्शन फॅक्टर के" म्हणून पाठ करायला लावलं होतं. थाप मारायची आणि मग थाप किती पटीनं लहान होती ते शोधायचं, एवढंच होतं ते.

आणि याचाच पुढं उपयोग झाला. कॉलेजच्या बाजूला एका झेरॉक्सवाल्याकडं १२० रुपयांची स्पायरल बाइंडिंगची नोट्स मिळते, सगळी पोरं तीच वापरतात, मी पण. त्यात एक असमान पायांची फ्रेम सोडवलीये, डावा खांब ४ मीटर, उजवा ३ मीटर, दोघांचा आय सारखा, पाय फिक्स. नोट्समध्ये स्वेचे सुरुवातीचे मोमेंट ३ ला ४ या प्रमाणात धरलेत, म्हणजे आय बाय एल. मी सोडवत होतो, मला खटकलं. फळी आठवली. वरची तुळई एकच, ती काय लांब-आखूड होत नाही, म्हणजे दोन्ही खांबांची डोकी तेवढीच सरकणार. तेवढंच सरकवायला छोट्या खांबाला किती जास्त वाकावं लागेल? मोमेंट ६ ईआय डेल्टा बाय एल स्क्वेअर, डेल्टा म्हणजे डोकं किती सरकलं ते, ई म्हणजे मटेरियलचा आकडा, दोन्ही खांबांना सारखेच. स्क्वेअर! म्हणजे १/१६ ला १/९, म्हणजे ९ ला १६. नोट्सचं ३ ला ४ म्हणजे ९ ला १२.

वाईट भाग असा की नोट्समधलं उत्तर तपासायला गेलात तर जुळतं. जॉइंटला बेरीज शून्य, आडव्या बलांची बेरीज पण बरोबर, कारण शेवटी के नं गुणून जुळवून घेतलेलंच असतं. फक्त ते दोन खांब वर वेगवेगळे सरकतात आणि मधली तुळई हवेत ताणली जाते, हे कागदावर कुणाला दिसत नाही. किती बॅचेसनी ती नोट्स पाठ करून पेपर लिहिला असेल देव जाणे. सरांना दाखवलं, सरांनी बघितलं, काही बोलले नाहीत, टोपलीतनं स्वतःचा मोबाइल काढला आणि त्या पानाचा फोटो मारला. माझ्यासाठी तोच सत्कार. झेरॉक्सवाल्याला जाऊन सांगितलं तर म्हणाला, "आम्ही फक्त झेरॉक्स काढतो ओ, आम्हाला काय माहीत, तुम्ही करून आणा बरोबर, ती पण विकतो."

तर पाचात चार स्टार. एक स्टार त्या तीन दिवसांसाठी कापला, सरांना तोंडावर पण सांगितलंय, ते म्हणाले पुढच्या बॅचला पाच दिवस करतो, बघू. बॅकलॉग निघाला. मार्क किती ते विचारू नका, स्वेचा प्रॉब्लेम पूर्ण सुटला एवढं सांगतो.

ज्यांना फक्त टेबल भरून पास व्हायचंय त्यांनी जाऊ नये, वैताग येईल, दहा दिवस तर बोर्डवर नीट टेबलच येत नाही. मॅट्रिक्स मेथडसाठी पण जाऊ नका, ते सर घेतच नाहीत, सरळ सांगतात मला कंटाळा येतो. बाकी जाणार असाल तर गाडी रस्त्यावरच लावा, खालचे भाडेकरू आत लावू देत नाहीत, पाण्याची बाटली घ्या, आणि पहिल्या दिवशी भिंतीच्या बाजूचा दुसरा बाक पकडा, तिथनं उजवा नट नीट दिसतो. डावीकडं बसलात तर सरांची पाठच बघत बसाल.